कारळाचं कूट

आमच्या चैतालीचं लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. चैताली ही माझ्या समाधानची लेक. बीडला नर्सिंग शिकली आणि तिथंच एका दवाखान्यात लागली. आदल्या साली पाऊस नीट पडला नव्हता. संक्रांतीच्या आतच आमच्या वस्तीवरचा हापसा नुसती हवा ओढायला लागला होता. अशा सालात मी ठरवून बसले होते की लग्न गावात, आमच्या दारात होईल आणि पंगतीत माझ्या परसातली भाजी वाढली जाईल.

परस म्हणजे फार मोठं नाही. घरामागं एक बैलगाडी वळवता येईल एवढी जागा. धारूरच्या घाटाखालचं आमचं गाव, जमीन मुरमाची. मी या घरात आले तेव्हा तिथं खुरपं मारलं तर खणकन आवाज यायचा. चुलीतली राख, पालापाचोळा, शेणखत असं वर्षानुवर्षं घालत गेले, तेव्हा कुठं ती माती हाताला मऊ लागायला लागली. उन्हाळ्यात मी तिथं दोडका, भेंडी, गवार, काकडी आणि टमाटे लावायची. टमाट्याचं बी माझ्या आईचं, घाटनांदूरचं. चपटा, खाचा पडलेला, आंबट टमाटा. त्याचं पान बाजारातल्या टमाट्यासारखं कातरलेलं नसतं, बटाट्याच्या पानासारखं रुंद असतं. चैताली लहान असताना म्हणायची, आजीनं बटाटे लावले आणि त्याला टमाटे लागले. आमच्या गावात तसं झाड दुसऱ्या कुणाकडं नव्हतं.

परसाच्या मागच्या अंगाला छातीएवढी दगडाची भिंत होती आणि भिंतीपलीकडं केसरबाईंचा गोठा. केसरबाई मोठ्या शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांचा मुलगा अमरसिंह एकदा सरपंच होता. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या कडेला, त्यांचं घर गावाच्या मधोमध, पण गोठा आमच्या अंगाला. सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळेला त्या गोठ्यावर यायच्या आणि मी परसात असायची. भिंतीच्या दोन बाजूंनी आमचं बोलणं चालायचं.

आमची ओळख मात्र भिंतीवरची नव्हती. पूर्वी साक्षरतेचे वर्ग निघाले होते, तेव्हा समाधान शाळेत जायचा आणि त्याच शाळेत संध्याकाळी मी जायची. पाट्या कमी पडल्या म्हणून दोघींत एक पाटी दिली. गावातल्या बायका एका कडेला, आमच्या वस्तीतल्या दुसऱ्या कडेला बसल्या होत्या. केसरबाई उठल्या आणि माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, सरक, मला तिकडून फळा दिसत नाही. मग रोज तिथंच बसल्या. मी थुंकी लावून पाटी पुसायची आणि त्याच ओल्या जागेवर त्या बोट फिरवून अक्षर काढायच्या. मला माझं नाव लवकर लिहिता आलं, त्यांना त्यांचं यायला वेळ लागला. तुझं नाव गरिबाचं आहे, सोपं आहे, असं म्हणून त्या हसायच्या. पुढं माझे मालक गेले, तेव्हा त्या आमच्या ओट्यावर सगळ्या वस्तीसमोर येऊन बसल्या. एवढं मी धरून होते.

आमच्या घरात त्यांनी पाणी कधी घेतलं नाही. चहा ठेवू का म्हटलं की आत्ताच झालेला असायचा. जेवून जा म्हटलं की उपास. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, त्यांच्या उपासांना काही कमी नव्हती. आमची शेजारीण वत्सलाबाई मला डिवचायची.

"सरू, तुझी केसरबाई एवढे उपास करूनबी वाळंना कशी गं?"

मी ते हसण्यावारी न्यायची. मला वाटायचं, घरात नाही तर नाही, माझ्या हातचं तर खातात. भाजीचा पहिला तोडा आपल्या घरात शिजवायचा नाही, दुसऱ्याच्या तोंडी लावायचा, ही माझ्या आईची रीत. दर उन्हाळ्यात तो पहिला तोडा मी भिंतीवरून केसरबाईंना द्यायची. पुढंही अधूनमधून मूठ-पसा द्यायचीच. त्या पदर पसरून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी भाजी कशी केली ते सांगायच्या.

ते सांगणं ऐकण्यासारखं असायचं. गवार कोवळी होती म्हणून शिरा न काढता मोडली आणि वरून कारळाचं कूट घातलं. भेंडीला थोडं ताक घातलं म्हणजे तार सुटली नाही. टमाटे चुलीत भाजले, साल काढली, लसूण-मिरची घालून वरवंट्यानं रगडले, अमरसिंहनं त्याच्याशी भाकरी खाल्ली आणि ताट बोटानं पुसलं. ऐकताना माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. आमच्याकडं गवारीत शेंगदाण्याचं कूट पडायचं. केसरबाईंच्या सांगण्यावरून मी कारळाचं घालायला लागले. समाधानला ते आवडलं. चैतालीला तर दुसरी गवार माहीतच नाही.

चैतालीचं लग्न जमलं तेव्हा समाधाननं बीडला हॉल बघून ठेवला होता. तो बीडलाच नोकरीला. गावात पाणी नाही, पाहुण्यांची सोय नाही, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते खरं होतं. मी म्हणाले, लग्न गावातच कर. केसरबाईंनी मला शब्द दिलाय, चैतालीच्या लग्नात पंगतीला बसून जेवीन म्हणून. बीडला त्या यायच्या नाहीत.

 समाधान म्हणाला, "आई, ती बाई जेवायची न्हाई."

"तू वळखत न्हाईस त्यांना."

"मी त्यांच्या शेतात वंजळीनं पाणी प्यालोय. वळखतो."

मी म्हणाले, ते दिवस गेले. त्या माझ्या परसातलं इतकी वर्षं खातात, त्यांना पंगतीचं काय. त्यावर त्यानं वाद सोडला आणि मांडव गावात घालायचं कबूल केलं. चैतालीला फोनवर हे कळलं तेव्हा ती म्हणाली, माझ्या लग्नात नवरीपेक्षा केसरआजीचाच मान मोठा दिसतोय. सगळे हसले. पण लग्न माझ्या शब्दावर गावात आलं होतं, आणि माझा शब्द केसरबाईंच्या शब्दावर उभा होता.

मग मी परसाच्या मागं लागले. टमाट्याची रोपं पौषातच लावलेली होती. थंडी सरल्यावर दोडका टोचला, त्याच्यासाठी पऱ्हाट्यांचा मांडव केला. भेंडी आणि गवार ओळीनं लावली. फाल्गुनात ऊन चढायला लागलं तसा तुराट्यांचा आडोसा उभा केला आणि झाडांच्या बुडाच्या आळ्यांवर जुनी पोती अंथरली. पाण्याचा टँकर यायचा, पण त्याचं पाणी प्यायला आणि सैपाकाला. झाडांना उष्टं पाणी. मी परसातल्या दगडावर बसून अंघोळ करायची म्हणजे ते पाणी चारीतून भेंडीला जायचं. भांडी राखेनं घासायची, ते पाणी दोडक्याला. डाळ-तांदूळ धुतलेलं टमाट्याला. एकट्या बाईच्या घरात असं पाणी किती निघणार? मग वत्सलाबाई तिच्या धुण्याचं शेवटचं, साबण निघून गेलेलं पाणी बादलीनं आणून ओतायची.

"वाढताना ध्यानात ठेव," ती म्हणायची, "तुझ्या भेंडीत माझ्या लुगड्याचं पाणी हाय."

चैत्र लागला आणि दोडका धरला. त्याच सुमाराला टँकर चार दिवस आलाच नाही. वेल दुपारी मान टाकायचा, रात्री थोडा सावरायचा. संध्याकाळी मी पहिले दोडके तोडले आणि रीतीप्रमाणे केसरबाईंना दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्यापुरता एक तोडला. दोडका चिरताना देठाकडची चकती जिभेला लावून बघतात. मी लावली आणि थुंकले. कडुनिंबासारखा कडू. आणखी एक तोडून बघितला, तोही तसाच. तहानेनं वेल कडू पडला होता. असा दोडका पोटात गेला तर माणूस ओकून ओकून बेजार होतं. मी तशीच अनवाणी भिंतीकडं पळाले.

केसरबाई गोठ्याच्या सावलीत बसल्या होत्या. त्यांची सून राजनंदिनी बादली विसळत होती. मी विचारलं, दोडका केला का?

"रात्रीच केला की," केसरबाई म्हणाल्या. "लई गोड निघाला सरू. मुगाची डाळ घातली. अमरसिंहनं दोनदा मागून घेतला."

राजनंदिनीनं मान वर करून सासूकडं बघितलं आणि पुन्हा विसळलेलीच बादली विसळायला लागली. मी कडूचं काही बोलले नाही. बरं झालं म्हणाले आणि परत आले.

घरात चिरलेला दोडका तसाच पडला होता. वेल एक, देठ एक, तोडण्यात एका दुपारचं अंतर. आदल्या संध्याकाळी गोड आणि दुसऱ्या दुपारी विष, असं होत नाही. मी विचार केला आणि स्वतःला समजावलं. कुणी प्रेमानं दिलेली वस्तू कडू निघाली तर आपण तरी तोंडावर सांगतो का? बाईंनी ती मुकाट्यानं टाकून दिली असेल आणि मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलल्या असतील. संध्याकाळपर्यंत मला ते पटलं होतं. उलट त्यांच्याबद्दल माया वाटली. पिण्याच्या घागरीतलं पाणी मी दोडक्याला घातलं. वेल सावरला, पुढचे दोडके बरे निघाले.

दर उन्हाळ्यात केसरबाई मला शेणखताच्या पाट्या भिंतीवरून द्यायच्या. माझ्याकडं जनावर नाही, त्यामुळं त्या खतावरच माझं परस चालायचं आणि मी ते उपकार मानायची. त्या साली अमरसिंहनं कुजलेलं खत ट्रॅक्टरनं शेतात नेलं. मागं उरलं ते वरवरचं, कच्चं. चालेल का असं केसरबाईंनी विचारलं, मी चालेल म्हणाले. भेंडीच्या वाफ्यात ते पसरलं. शेणाचे काही पोवटे अजून अख्खे होते, गाईनं टाकले तसे. फोडायचा कंटाळा केला, तसेच झाडांच्या बुडाशी ठेवले आणि पाणी घालत राहिले.

काही दिवसांनी त्या पोवट्यांना भेगा पडल्या आणि आतून रोपं वर आली. खतातून टमाट्याचं एखादं रोप आधीही कधी कधी यायचं. परसातलंच बी पडलं असेल म्हणून मी ते उपटून टाकायची. पण ही एखाददुसरी नव्हती, मूठ-मूठ रोपं एका जागेतून उठली होती. मी त्यांना पाणी तोडलं नाही. पुढची पानं सुटू दिली. ती सुटली आणि मी खाली बसले. पानं रुंद होती, बटाट्यासारखी.

एक पोवटा उचलून उलटा केला. मुळं शेणातच होती, मातीला लागलीच नव्हती. बी बाहेरून पडलेलं नव्हतं, शेणाच्या आतच होतं. भाजलेल्या, रगडलेल्या टमाट्याचं बी उगवत नाही. कोशिंबिरीतलं खरकटं उकिरड्यावर पडलं म्हणावं तर ते पोवट्याच्या पोटात कसं शिरेल? माझे टमाटे कच्चे, अख्खे गाईच्या गव्हाणीत गेले होते. दुसरा पोवटा उलटला, तिसरा उलटला. सगळीकडं तेच.

मी तिथंच वाफ्यात बसून राहिले. एकेक भाजी आठवत गेली. लसूण-मिरचीत रगडलेले टमाटे. ताक घातलेली भेंडी. अमरसिंहचं ताट पुसणं. ज्या खतासाठी मी हात जोडायची ते माझ्याच भाजीचं झालेलं होतं, आणि त्या खतावर पुन्हा भाजी वाढवून मी पुन्हा भिंतीवरून देत होते. दोडक्याचंही तेव्हा लक्षात आलं. माझं मन राखायला त्या कडूला गोड म्हणाल्या नव्हत्या. तो कडू आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

संध्याकाळी केसरबाई धार काढून भिंतीपाशी आल्या. मी रोपांसकट तो पोवटा भिंतीवर ठेवला.

"हे काय गं?"

"पान बघा. वळखतंय का?"

त्यांनी पान बघितलं. मग दुधाची चरवी राजनंदिनीच्या हातात देऊन तिला घरी जायला सांगितलं. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत बोलल्या नाहीत.

"फेकली न्हाई कधी," त्या म्हणाल्या. "तुझ्या गळ्याशपथ सरू, उकिरड्यावर टाकली न्हाई. गाईच्या मुखात घातली."

हे त्यांनी असं सांगितलं की जणू तेवढ्यावर मन भरून मी घरी जावं. पुढं बरंच बोलत राहिल्या. सुरुवातीला सासू होती, ती उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हती. सासू गेली तर मालक होते. ते गेले तेव्हा अमरसिंहचं राजकारण, घरात भावकीची ये-जा. परत करावी तर तुला वाईट वाटेल, फेकावी तर अन्नाचा अपमान. गाईला दिलं तर पुण्य तरी लागतं, ते तुझ्याच नावानं लागत असेल. असं सगळं. मी ऐकून घेतलं.

"मग तो दोडका गाईनं खाल्ला का?" मी विचारलं.

त्या भिंतीवरचा एक सुटा दगड सारखा करत बसल्या.

"न्हाई. हुंगून सोडला."

एरवी यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो असतो. मी म्हणाले, "घरात चालत न्हाई म्हणला असता तर मी समजून घेतलं असतं. गाईसाठी म्हणून दिली असती. पण कारळाचं कूट कावून घातलं, बाई? भेंडीला ताक कावून लावलं?"

 केसरबाई म्हणाल्या, "तू इचारायचीस ना, कशी झाली म्हणून. आमच्या घरातल्या माळव्याचं जसं करतो तसं सांगायची मी. सांगता सांगता मलाबी खाल्ल्यागत वाटायचं."

 मी पोवटा उचलला आणि निघाले. मागून त्या म्हणाल्या, "लग्नात बसंन मी पंगतीला. समद्या गावाम्होरं बसंन. तेवढं बघ अन् मग काय बोलायचं ते बोल."

समाधानला मी काही सांगितलं नाही. अजून बीडचा हॉल मिळाला असता. पण मला वाटलं, भाजीचं घरात लपवता आलं, पंगतीत लपवता येत नाही. पंगतीला बसल्या तर मागचं सगळं मी सोडून देईन. रोपं उपटून टाकली आणि भेंडीला पाणी घालत राहिले, गवारीचे तोडे राखत राहिले.

वैशाखात, बुधवारी लग्न लागलं. स्वयंपाकाला आचारी होते, पण पहिल्या पंगतीपुरती गवार माझ्या परसातली होती. मी आचाऱ्याला तिच्यात शेंगदाण्याचं कूट घालायला सांगितलं. चैतालीनं हळूच चव बघितली आणि म्हणाली, आजी, ही आपली गवार नाही. मी तिला म्हणाले, हीच आपली.

केसरबाई राजनंदिनीला घेऊन आल्या. काठाचं लुगडं नेसल्या होत्या. चैतालीला साडी आणली होती. पुढच्या खुर्चीवर बसून त्यांनी फुलं टाकली, चैतालीच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. वस्तीतल्या बायका माझ्याकडं बघत होत्या. पंगत बसली तेव्हा गवारीची बादली मी स्वतः हातात घेतली. वत्सलाबाईच्या शेजारचं पान रिकामं ठेवलं होतं. समाधान केसरबाईंच्या पुढं गेला आणि हात जोडून म्हणाला, "चला काकू, पान वाढलंय."

त्या उठल्या. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्या उठल्या होत्या. मग त्यांनी मांडवाच्या दाराकडं नजर टाकली. तिथं अमरसिंह गावातल्या चार माणसांशी बोलत उभा होता. त्याचं इकडं लक्षही नव्हतं. केसरबाई खुर्चीत परत बसल्या.

"आज उपास हाय रे बाबा माझा."

"बुधवारी?" समाधान म्हणाला.

पंगतीतलं कुणीतरी हसलं. समाधान तिथून हलला नाही. केसरबाई त्याच्याकडं बघेनात, माझ्याकडं बघायला लागल्या.

"असतो त्यांचा बुधवारचा," मी म्हणाले. "मला ठाऊक हाय."

एवढं बोलून मी वाकले आणि वत्सलाबाईच्या पानात गवार वाढली. ती एरवी कशावरही बोलणारी बाई. माझं मनगट धरलं आणि नुसतं म्हणाली, "वाढ अजून." मी वाढत पुढं गेले. शेजारचं रिकामं पान नंतर कुणाच्या तरी लेकरानं घेतलं.

मांडव उतरल्यावर समाधान ओट्यावर माझ्याशेजारी बसला. मी म्हटलं होतं असं तो म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी परसात जायच्या वेळा बदलल्या. धारेच्या वेळेला मी घरात असायची. एकदा भिंतीवर खताची पाटी ठेवलेली दिसली. मी ती उतरवून घेतली नाही. बरेच दिवस ती तिथं वाळत राहिली, मग कुणीतरी नेली. दर साली उन्हाळ्याच्या शेवटी मी एक चांगला टमाटा झाडावरच पिकू द्यायची, त्याचं बी राखेत घोळून शेणाच्या गोवरीवर थापायची आणि गोवरी चुलीमागच्या भिंतीला लावायची. आईकडंही असंच करत. त्या साली माझा शेणाला हात लागेना. बी धरलं नाही. पुढच्या पौषात लावायला माझ्याकडं टमाटे नव्हते.

पुढच्या एप्रिलमध्ये वस्तीवर जयंतीची तयारी चालली होती. पोरं निळ्या पताका बांधत होती. राजनंदिनी रस्त्यानं फिरून आमच्या पुढच्या दाराला आली. ती पहिल्यांदाच आली होती. ऊन कडक होतं. ओट्यावर बसून तिनं पाणी मागितलं, मी तांब्या दिला. तिनं तो तोंडाला लावला आणि घटाघटा प्याली. एवढंच होतं ते.

मग तिनं सांगितलं की सासूबाई अंथरुणाला लागल्यात. अन्न जात नाही. डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलंय.

"आत्याबाई म्हणतात, सरूकडचे टमाटे आण," ती म्हणाली. "भाजून दे म्हणतात. दुसरं काही मागत न्हाईत, मावशी."

"माझ्याकडं न्हाईत आता," मी म्हणाले. "बी धरलं न्हाई मी."

ती उठली. दारापर्यंत गेली तेव्हा मी तिला थांबवलं.

"तुमच्या गोठ्यामागं, हौदाचं पाणी सांडतं तिथं उगवलेत बघ. पान बटाट्यासारखं हाय. तिथले तोड."

"उकिरड्यावरचे?"

"तेच. माझेच हायेत ते."

थोड्या वेळानं मी परसात गेले. भिंतीपलीकडं राजनंदिनी वाकून टमाटे तोडत होती आणि पदरात घेत होती. चपटे, खाचा पडलेले, चांगले पिकलेले होते. माती झटकून तिनं पदर खोचला आणि घराकडं गेली. भाजून दिले का, केसरबाईंनी खाल्ले का, हे मी तिला नंतरही विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ते खरं किती धरायचं, हे मला आता कळत नाही.

केसरबाई दोन हजार पंचवीस सालच्या एप्रिल महिन्यात, एकोणीस तारखेला, शनिवारी सकाळी गावातल्या घरी वारल्या.